कौल लावण्याआधी

डोंगर खोटं बोलत नाही, याची हेमांगी राऊळला खात्री होती. पण डोंगराचं म्हणणं वरच्या वाडीच्या गळी कसं उतरवायचं, ते मात्र तिला सुचत नव्हतं.

कुसबे गावची ही वाडी डोंगराच्या कुशीत, आंब्या-फणसांच्या सावलीत वसलेली. गेल्या पावसाळ्यात वाडीच्या माथ्यावर, कातळाच्या कडेनं एक लांब भेग पडली. सरकारनं हेमांगीच्या संस्थेला बोलावलं आणि संस्थेनं हेमांगीलाच पाठवलं, कारण ती याच वाडीत वाढली होती. आईवडील लवकर गेले. काका-काकींनी तिला सांभाळलं, शिकवलं. आता काकाही नव्हते. सुभद्राकाकी होती, आणि तिचं घर भेगेच्या बरोबर खाली होतं.

हेमांगीचं यंत्र मातीतलं पाणी मोजत नव्हतं. पाणी मोजणारी यंत्रं पुष्कळ होती. हे यंत्र पाण्याची पकड मोजत होतं. समुद्रावरच्या कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही, आणि लाटेत बुडालेल्या वाळूचाही होत नाही. होतो तो जेमतेम ओल्या वाळूचा. अशा वाळूत दोन कणांमध्ये पाण्याचा एक बारीक पूल असतो. त्याची कड आत वळलेली असते, आणि त्या वळणामुळे पुलातल्या पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरतो. म्हणून हवा त्या दोन कणांना एकमेकांकडे ढकलत राहते. पाणी वाढलं की फट भरून जाते, कड नाहीशी होते आणि तिच्याबरोबर पकडही. डोंगराचा अख्खा उतार अशा अब्जावधी पुलांच्या भरवशावर उभा असतो. हेमांगीच्या यंत्रातून निघालेल्या सूक्ष्म लहरी त्या पुलांवर आपटून परत येत, आणि परतताना त्यांच्यात जो किंचित बदल होई, त्यावरून पकड किती उरली आहे ते कळे.

या यंत्राला शिकवायला तिला प्रयोगशाळेत एक छोटासा डोंगर हवा होता, रोज शेकडो वेळा कोसळला तरी चालेल असा. तेव्हा तिला वाडीतला राखणदेव आठवला.

राखणदेव म्हणजे एक उभा काळा पाषाण. वाडीत काही अडलं की त्याला कौल लावतात. गुरव फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून पाषाणाच्या दोन बाजूंना चिकटवतो आणि वाडीतला मानाचा माणूस सगळ्यांच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालतो. मग वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. पाकळी पडते आणि दरड कोसळते ती एकाच कारणानं: ओल्या थराची पकड सुटते. हेमांगीनं पुण्यात काळ्या दगडावर हजारो पाकळ्या लावल्या. दोन वर्षांत यंत्र इतकं तरबेज झालं की पाकळी चिकटवली रे चिकटवली की कुठली आधी पडणार ते सांगू लागलं. मग त्याला खऱ्या डोंगरांवर नेलं, आणि तिथेही ते चुकलं नाही.

तिचा शोधनिबंध छापून आला, आणि वर्षाच्या आत कोणीतरी तीच युक्ती फोनमध्ये बसवली. तोवर नव्या फोनांमध्ये तसल्या लहरी आल्याच होत्या. पलीकडच्या तालुक्यातल्या एका गावात दोन भावांनी जमिनीचा वाद देवापुढे ठेवला. थोरल्यानं फोन बाहीत लपवून आणला आणि पाकळी कुठे लावायची ते गुरवाला खुणेनं सांगितलं. धाकट्याला हे नंतर कळलं. देवळात रक्त सांडलं. त्या गावातला कौल त्या दिवसापासून बंद झाला. हेमांगीनं ती बातमी वाचली तेव्हा दोन दिवस तिला जेवण गेलं नव्हतं.

"काकी, सरळ इचारतंय," ती आज स्वयंपाकघरात पाटावर बसून म्हणाली. "माज्या यंत्रावर तुजो इश्वास नाय?"

काकी फणसाचे गरे काढत होती. हाताला तेल लावलेलं, समोर आठळ्यांचा ढीग.

"कोणी सांगल्यान? तू चवथीत असताना सांगलं होतंस, पृथ्वी सूर्याभोवती फिरता. तेव्हा मी तुज्याशी भांडलंय काय?"

"मगे खाली चल. घरां तयार आसत."

"बघून इलंय मी ती घरां." काकीचा चेहरा उजळला. रस्त्याजवळ सरकारनं यंत्रानं घरं छापली होती. मोठ्या नळीतून ओल्या सिमेंटचे थर एकावर एक पडत होते आणि बघताबघता भिंत उभी राहत होती. "सोऱ्यातसून चकली पाडतत तशी भिंत पाडतत, बाय. न्हाणी तर झकास असा. तोटी फिरवली काय गरम पाणी."

"तर मगे अडता खंय?"

"कौल होवंदे," काकी म्हणाली आणि गऱ्यांची थाळी तिच्यापुढे सरकवली. "खा. पुण्यात असलो कापो गरो मिळता?"

हेमांगीनं गरा खाल्ला, पण तिला त्याची गोडी लागली नाही. यंत्रावर विश्वास आहे, घर पसंत आहे, आणि तरी निर्णय भिजलेल्या पाकळीच्या हाती. येत्या पावसात उतार टिकण्याची शक्यता फारच थोडी होती. आणि काकी रात्री भेगेकडच्या खिडकीखाली निजत होती.

दुपारी ती देवळाकडे गेली. देऊळ कसलं, चार खांब, मध्ये भिंती, एक दार आणि वर कौलारू छप्पर. आत दिवा तेवत होता; तो रोज काकी लावी. सुहास गुरव पाषाणाला पाणी घालत होता. दोघं एका बाकावर शिकलेली. सुहास गावातले सौरपंप दुरुस्त करी आणि देवाची पूजाही करी. दोन्हीकडे तीच पिशवी घेऊन जाई.

"काय पाकळीवाली," तो म्हणाला. "पिशवेत यंत्र असा मां? यंत्र हय हाडूचा नाय, म्हायत असा तुका."

"डोंगरावरसून तशीच इलंय. भायर ठेवतंय."

"ऱ्हवांदे." सुहासनं तांब्या खाली ठेवला. "माजी दोन चेडवां, बारक्या पोरी, ह्या वाडीत निजतत, हेमा. उद्या कौल असा. पाकळी खंय लावली तर उजवी आधी पडतली, सांग."

उजवी म्हणजे होय. वाडी सोडा. असंच ती दोघं धरून चालली होती.

"ह्या देवाक फसवणा झाला, सुहास."

"फसवणा कसला? देवाक वायच मदत. तूय तेच्यासाठीच इलंस ना हय?"

हेमांगीला ते दोन भाऊ आठवले. मग खिडकीखालची काकीची गोधडी आठवली. तिनं यंत्र बाहेर काढलं आणि पाषाणावर धरलं. पाषाणाची डावी बाजू गुळगुळीत होती, भिंतीच्या ओलीनं दमट. तिथे पाकळी चिकटून राहणार. उजव्या बाजूला दारातून वारा लागत होता, आणि थोडं वर दगड खरखरीत होता. तिथलं पाणी आधी सुकणार.

"उजवी एक बोट वर लाव," ती म्हणाली. "डावी रोजच्या जाग्यावर."

"बस?"

"बस."

एक बोट. तिनं यंत्र पिशवीत टाकलं आणि घरी येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी देवळासमोर जमली. फोन दाराशी टोपलीत ठेवले गेले. मधोमध भाऊ राऊळ बसले होते. ते वाडीचे मानकरी, म्हणजे देवाच्या कामात पहिला शब्द त्यांचा. उभा जन्म त्यांनी एसटीची गाडी चालवली होती, आणि अजूनही ते वळणावर हॉर्न द्यावा तसं खाकरून मगच बोलत. हेमांगीला वाटलं होतं, गाऱ्हाणं होईल, पाकळ्या लागतील आणि तासाभरात निकाल.

"इचारूचा काय, ता आधी ठरवा," भाऊ म्हणाले.

"वाडी सोडूची काय ऱ्हवाची, आणखी काय?" कोणीतरी म्हणालं.

"ता देवाक कित्याक इचारूचा? ता चेडवान सांगल्यानच असा. डोंगर येतलो म्हणता. येतलो तर जावकच होया. देवाक आणि तेचो त्रास कशाक?"

कोणी हरकत घेतली नाही. दोघातिघांनी माना हलवल्या आणि एका म्हातारीनं छापील घरात चूल चालेल का, एवढंच विचारलं. हेमांगी बघतच राहिली. तिनं आठवडाभर आलेख दाखवले होते, नकाशे काढले होते, आणि जे मिळवायला काल तिनं देवाच्या पाषाणावर यंत्र धरलं, ते वाडीनं तंबाखू मळता मळता मान्य करून टाकलं होतं.

"मगे कौल कसलो, भाऊ?" तिला राहवलं नाही.

उत्तर बायकांमध्ये बसलेल्या काकीनं दिलं. "निरोपाचो. इतकी वर्सां तेणा आमची राखण केल्यान. आता आमी उठान जातलव. तेका वांगडा नेवचो काय हयच ठेवचो, ता तेका इचारूक नको?"

हेमांगीच्या लक्षात आपली चूक आली. काय होणार आहे, हे ही माणसं पाकळीला कधीच विचारत नव्हती. ते सांगायला पूर्वी म्हातारे होते, आता यंत्र होतं. पाकळीला विचारायचं ते वेगळंच काहीतरी होतं.

तर प्रश्न असा ठरू लागला: आम्ही जातो. उजवी पडली तर देव आमच्याबरोबर येतो, डावी पडली तर इथेच राहतो. सुहासनं हेमांगीकडे पाहिलं. उजवी एक बोट वर. देव बरोबर येणार. काही बिघडणार नव्हतं.

"आणि डावी पडली," काकी शांतपणे म्हणाली, "तर दिव्याक मी ऱ्हवतंय. ह्येंनी देवाक शब्द दिलेलो, दिवो इझाचो नाय म्हणान."

नवऱ्यानं दिलेला शब्द. तो मोड, असं कोण सांगणार?

हेमांगीनं फक्त गप्प बसायचं होतं. उजवी पडेल, देव खाली येईल, देवामागोमाग काकी येईल. काकी वाचेल. पण काकीनं स्वतःसाठी देवाला आजवर काहीच विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदा विचारत होती, आणि त्याचं उत्तर हेमांगीनं काल दुपारीच ठरवून ठेवलं होतं. काकी त्या छापील घरात मरेपर्यंत हात जोडून म्हणत राहील, देवाच्या मनात होतं म्हणून तो आला. आणि हेमांगी समोर बसून ते ऐकत राहील.

ती उभी राहिली.

"भाऊ, थांबा. उजवीच पडतली. काल मी दगडावर यंत्र धरून बघलंय. सुहासाक सांगलंय, एक बोट वर लाव."

"आधी मी इचारलंय हेमाक," सुहास खाली बघत म्हणाला. "तेची एकट्याची चूक नाय."

कोणी ओरडलं नाही. त्यामुळे तिला जास्तच अवघडल्यासारखं झालं. भाऊंनी तंबाखू थुंकून टाकली, खाकरले.

"कित्याक केलंस गो?"

"काकी ऱ्हवात म्हणान भ्या वाटला."

"हं." भाऊ काकीकडे वळले. "आयकलंस, सुभद्रा? चेडू भियाता. मीय भियातंय. जेच्या उत्तराक गाव भियाता, तो प्रश्न देवासमोर घालूचो नाय. माजो बापूस सांगायचो. पाकळे ऱ्हवांदेत. इचारणा परत जुळवया."

आणि मग दुपार होईपर्यंत वाडी प्रश्न जुळवत बसली. मध्ये चहा झाला. कोणी म्हणालं, दिवा विजेचा लावा, सुहास खालून कळ दाबेल. काकी म्हणाली, कळीक वात नसता, आणि तो विषय तिथेच संपला. कोणी म्हणालं, दिव्याला पाळी लावू, रोज एका घरानं वर यायचं. पण पावसात वर येणारा तो कोण?

"मी सांगू?" हेमांगी म्हणाली. इतका वेळ ती खांबाला टेकून ऐकत होती. "यंत्र डोंगरावरच ऱ्हवतला. पकड किती असा ता रोज सकाळी कळतला. पकड बरी असा त्या दिवशी जेची पाळी तो येयत, दिवो लावन खाली जायत. कमी असा त्या दिवशी कोणी वर येवचा नाय."

"आणि त्या दिवशी देव काळोखात?" काकीनं विचारलं.

"त्या दिवशी खालसूनच सांगूया," सुहास म्हणाला. "म्हाराजा, आज येवक जमणा नाय. देव काय हेडमास्तर असा, रजेचो अर्ज मागूक?"

बायका हसल्या. काकी हसली नाही. "शब्द ह्येंनी दिलेलो," ती म्हणाली.

"दिलेलो. मी हजर होतंय," भाऊ म्हणाले. "दिवो लावीन म्हणालो. दरडीखाली मरान असा नाय म्हणालो. आणि मरा म्हणणारो देव आमचो न्हय."

काकीनं पदर सारखा केला. ती म्हणाली, "मगे पयली पाळी माजी."

तेव्हा कुठे भाऊंनी सुहासला पाकळ्या आणायला सांगितलं.

हेमांगीनं यंत्राची पिशवी फोनांच्या टोपलीत नेऊन ठेवली. तिच्या मनात आता एक गोष्ट लख्ख झाली होती. त्या दुसऱ्या गावात कौल फोननं मोडला नव्हता. तिथे एका भावाला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही, असा प्रश्न देवापुढे टाकला होता. तो कौल मोडायचाच होता, फोन निमित्त झाला. इथे माणसं तोवर बोलत राहिली, जोवर दोन्ही उत्तरं सगळ्यांना पेलतील अशी झाली नाहीत. त्यानंतर पाकळीनं काहीही सांगितलं तरी कोणाचं वाईट होणार नव्हतं. मग पाकळी हवीच कशाला? कारण देवाला मागे ठेवणं किंवा मुळासकट उपटून नेणं, हा भार एका माणसाच्या डोक्यावर नको. तो कोणाचाच नसलेला बरा. हेमांगीच्या शास्त्रात न कळणं ही उणीव होती. ती भरून काढण्यात तिचं तारुण्य गेलं होतं. न कळण्याचा इतका नेटका, इतका मायाळू उपयोग करणारी माणसं तिनं कुठे पाहिली नव्हती, आणि ती याच माणसांच्या हातची पेज पिऊन मोठी झाली होती.

सुहासनं पाकळ्या भिजवल्या. त्यानं डोळे मिटले आणि हाताला लागेल तिथे एक उजवीकडे, एक डावीकडे चिकटवली.

"बा देवा म्हाराजा," भाऊंनी सुरुवात केली, "आज तुजी लेकरां तुज्या पायरेर निरोप मागूक इली आसत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तुज्या मनात आमच्या वांगडा येवचा असात तर उजवी दी. हयच ऱ्हवाचा असात तर डावी दी. येवचा तर खांद्यार घेवन जातलव. ऱ्हवाचा तर जमात तसो दिवो लावतलव. पण राग धरू नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

ओल्या पाकळीविषयी हेमांगीइतका अभ्यास क्वचितच कोणी केला असेल. आज कुठली पडेल हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. ती बायकांमध्ये, काकीशेजारी बसली. काकीच्या हाताला अजून फणसाचा नि तेलाचा वास होता. वाट पाहताना हेमांगीचं काळीज धडधडत होतं, आणि त्याचं तिला नवल वाटलं. दोन्ही उत्तरं चालणार होती, तरी धडधडत होतं.

डावी पडली.

"बरा," काकी म्हणाली आणि तिनं पाषाणापुढे डोकं टेकलं.

ज्येष्ठात वाडी खाली आली. काकीनं पहिली पाळी केली, मग सुहासच्या बायकोनं, मग भाऊंनी. रोज सकाळी हेमांगीचा आकडा येई आणि ज्याची पाळी तो तेलाची बाटली घेऊन चढे. पाऊस वाढला तशा रजा वाढल्या. आषाढात एका सकाळी आकडा पाहून हेमांगीनं पुण्याहून काकीला फोन लावला.

"आज नाय, काकी. उद्याय नाय."

"पाळी माजीच होती," काकी म्हणाली. "बरा. मी अंगणातसून सांगतंय तेका."

त्याच दुपारी डोंगर आला. वाडीतली सगळी घरं, आंबे, फणस, देऊळ आणि राखणदेव मातीखाली गेले. माणूस एकही नव्हता. हेमांगी पोचली तेव्हा काकी छापील घराच्या ओट्यावर बसून उघड्या, तांबड्या उताराकडे पाहत होती.

"आमका पुढे काढल्यान," ती म्हणाली, "आणि आपण एकटो मागे ऱ्हवलो."

ओल्या दगडावरच्या दोन पाकळ्या, त्यांतली कुठलीही आधी पडू शकली असती, हे हेमांगी सांगू शकली असती. तिनं सांगितलं नाही. काकीनं कधी तिचे आकडे खोडले नव्हते. ती काकीच्या शेजारी ओट्यावर बसली.

पाऊस सरल्यावर शाळेच्या पडवीत वाडी पुन्हा जमली. खालच्या गावातल्या देवाला कौल लावून राखणदेवाचं काय करायचं ते विचारायचं होतं. भाऊंनी हेमांगीला मुद्दाम बोलावून घेतलं. ती यंत्र न घेता आली आणि सतरंजीवर बसली.

"आज सुरवात तू कर," भाऊ म्हणाले. "इचारणा सांग."

हेमांगीनं वाटेत विचार करून ठेवला होता. "देवाक माती उकरून काढूचो, काय थंयच ऱ्हवांदेचो?"

भाऊंनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. "न्हय, बाय. थंयच ऱ्हवलो तर सुहासान पूजा कोणाची करूची? ह्येच्यात तो हरता. परत जुळव."